ट्रिपल क्वाड एलसी-एमएस: आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकला अंबडजवळच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हे मशीन (नमुन्यातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं आणि मोजणारं) बसून आठ महिने झाले. मधुमेहात किडनी बिघडायला लागल्याची खूण रक्तात आधीच सापडते का, हे शोधायला ते घेतलं. 'घ्यावं का?' असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय.

मशीनवर मी खूश आहे. पहिल्या क्वाड्रुपोलमध्ये (चार दांड्यांच्या चाळणीत) हवा तो रेणू निवडायचा, दुसऱ्यात वायूवर आदळून फोडायचा, तिसऱ्यात त्याचा ठरावीक तुकडा मोजायचा. व्हिटॅमिन डी२ आणि डी३ सुद्धा वेगवेगळे मोजून मिळतात.

आता जूनमधली गोष्ट. रुग्णांच्या प्लाझ्मात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्तातल्या द्रवात) हायपोझँथिन या रेणूचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा (१३७ वजनाचा रेणू, ११० चा तुकडा), निरोगी गटापेक्षा चांगलंच उंच आलं, जवळजवळ प्रत्येकात. सापडलं म्हणून मी घरी फोनसुद्धा केला. दोन दिवसांनी आमच्या टेक्निशियन ताईंनी काही न बोलता रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. रुग्णांच्या ट्यूब पेठ-सुरगाण्याच्या शिबिरांतल्या, चार-पाच तासांनी लॅबला पोचलेल्या. निरोगी गटात आम्हीच लॅबवाले. रक्त काढलं की अर्ध्या तासात स्पिन, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी वेगळ्या. रक्त तसंच ठेवलं की तांबड्या पेशी हायपोझँथिन बाहेर सोडत राहतात. खात्री करायला माझंच रक्त सहा ट्यूबमध्ये काढलं आणि तासातासाने एकेक स्पिन केली. पीक दर तासाला वर सरकत गेलं. मशीनने बरोबरच मोजलं होतं, पण मोजला होता तो उशीर. २००२ साली ओव्हरीच्या कॅन्सरसाठी गाजलेल्या रक्तातल्या प्रथिनांच्या चाचणीवरही पुढे नमुने कसे हाताळले, कधी मोजले यावरूनच प्रश्न उठले होते. ते मी वाचलेलं होतं, तरी चुकले.

तक्रार आहे ती लाइटची. पावसाळ्यात दोनदा लाइट गेली, यूपीएस संपला, मशीनमधली हवा काढणारे पंप बंद पडले. व्हॅक्यूम परत येऊन आकडे स्थिर व्हायला रात्र गेली, वर कॅलिब्रेशन नव्याने. यूपीएस मोठाच घ्या. सोर्सवर (नमुना मशीनमध्ये शिरतो त्या तोंडावर) क्षार साचतात, दर शनिवारी मिथेनॉल-पाण्याने पुसावं लागतं.

आणि कार्बन-१३ किंवा ड्युटेरियम घातलेलं इंटर्नल स्टँडर्ड (मोजायच्या रेणूचंच थोडं जड रूप, प्रत्येक नमुन्यात ठरावीक मापाने मिसळायचं) महाग आहे म्हणून टाळू नका, हे अगदी कळकळीने सांगते. प्लाझ्मातली फॉस्फोलिपिडं (एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ) आपल्या रेणूचं आयनीकरण, म्हणजे त्याला विद्युतभार मिळणं, दाबतात; भार नसलेला रेणू मशीनला दिसत नाही. हा 'जड' जोडीदार कॉलममधून (रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) जवळजवळ त्याच वेळी बाहेर पडतो, म्हणून तोही जवळजवळ तेवढाच दबतो आणि गुणोत्तर टिकतं. त्याशिवाय आलेल्या आकड्यावर मी सही करणार नाही.

सध्या शिबिराला जाताना जीपमध्ये सेंट्रिफ्यूज आणि बर्फाची पेटी असते. प्रत्येक ट्यूबवर दोन वेळा लिहितो: रक्त काढल्याची आणि स्पिन केल्याची. नव्या नमुन्यांत हायपोझँथिनचा फरक उरला नाही. दुसरं एक पीक मात्र अजूनही रुग्णांतच उंच येतंय. ते पक्कं करायला धुळ्याकडचे नमुने हवेत. पुढच्या आठवड्यात तिकडे निघतोय.