भरतकामाच्या रिंगांचा सेट: भिंतीवर छान, हातात नाही

हॉलमधली सोफ्यामागची भिंत कित्येक दिवस ओकीबोकी होती आणि आईच्या पेटीत खणाचे न शिवलेले सहा-सात तुकडे घडी घालून पडलेले, म्हणून म्हटलं रिंगमध्ये ताणून भिंतीवर लावू. ऑनलाइन बांबूच्या रिंगांचा सेट मागवला, ४ ते १० इंचापर्यंत पाच रिंगा, मागे लावायला फेल्टचे गोल, दोऱ्याच्या बारा लडी, दोन सुया, सगळं मिळून ६४९ रुपये. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण अगदी हाच सेट मला नंतर तीन वेगवेगळ्या नावांनी दिसला.

पार्सल बघून छान वाटलं खरं, पण बसून काम करायला घेतल्यावर कळलं. पहिलं म्हणजे आतल्या कडेला कुसळं आहेत, हात फिरवला की टोचतात आणि खणाचा रेशमासारखा धागा त्यात अडकून ओढला जातो, माझा एक तुकडा तसाच गेला. बारीक पॉलिशपेपर घेऊन पाचही रिंगा आतून बाहेरून घासल्या तेव्हा जरा बऱ्या झाल्या. दुसरं म्हणजे बाहेरची रिंग आतल्या रिंगवर आवळायचा स्क्रू. हाताने कितीही पिळला तरी दहा मिनिटांत कापड ढिलं पडतं, आणि ढिल्या कापडावर साखळी टाका घातला की टाक्याखाली चुण्या येतात, मग उसवत बसा. यावर आमच्या मावशीने जुना उपाय सांगितला, आतल्या रिंगला जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी तिरकी गुंडाळायची आणि शेवट दोन टाके घालून पक्का करायचा. लाकडावरून कापड सरकतं, कापडावरून सरकत नाही, एवढी साधी गोष्ट! ६ आणि ८ इंची रिंगांना हे केलं आणि कापड ढोलकीसारखं ताणलेलं राहिलं. १० इंची मात्र मुळातच गोल नाहीये, एका बाजूला चपटी, ती सुधारायची सोय नाही.

खण वापरणार असाल तर अजून एक. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा असो की आणखी कुठला, त्याची बुट्टी विणलेली असते आणि ओळीने असते, त्यामुळे कापड कोपऱ्यात धरून तिरकं ओढलं की सगळ्या ओळी वाकड्या होतात आणि भिंतीवर ते लांबूनही दिसतं. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने ओढायचं, मग आडव्या, स्क्रू थोडा थोडा आवळत. कडा फार सुटतात म्हणून मागून शिंप्याकडचं पेस्टिंग (चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवलं, इस्त्री मंद ठेवून आणि वर सुती कापड घालून.

सेटमधल्या दोऱ्यांबद्दल काय बोलू! लाल दोरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला तर रुमाल गुलाबी. बाजूला ठेवले आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून अँकर कंपनीच्या लडी आणल्या. लडीत आठ मीटर दोरा असतो, सहा पदरी, त्यातले दोनच पदर काढून वापरले तर छोट्या डिझाइनला एक लड भरपूर पुरते. मी खणावर फार भरलं नाही, बुट्टीच्या भोवती उलटी टीप आणि मध्ये गाठीचा टाका, बस. खण स्वतःच इतका बोलतो की जास्त भरलं तर भांडण होतं.

फिनिशिंगला मात्र घाई करू नका. स्क्रू वरच्या बाजूला मधोमध येईल असं आधीच बघून ठेवायचं, कारण भिंतीवर टांगायची दोरी तिथूनच जाते (मी पहिल्या रिंगेत हे विसरले आणि सगळी बुट्टी आडवी झाली). रिंगबाहेर दीड इंच कापड सोडून कापायचं, कडेने धावदोरा घालायचा आणि दोरा ओढून बटव्याच्या तोंडासारखं मागे गोळा करायचं. गोंद लावून चिकटवायचा मोह मलाही झाला होता, पण पांढरा गोंद पातळ कापडातून पुढे डागासारखा दिसतो, आणि पुढच्या वर्षी कापड बदलायचं म्हटलं तर रिंग पण गेली. मागे फेल्टचा गोल काज टाक्याने शिवला, तो फेल्ट खरंच चांगला निघाला, सेटमधली सगळ्यात बरी वस्तू तीच.

तर घ्यावा का? भिंतीवर लावायची चौकट म्हणून घ्या, कापड एकदा मागे शिवून पक्कं झालं की या रिंगला फक्त गोल दिसायचंय आणि तेवढं ती करते. पण भरताना हातात धरायला ही नको, त्यासाठी चांगल्या गुळगुळीत लाकडाची आणि पितळी स्क्रूची एकच ८ इंची रिंग वेगळी घ्या, सगळं भरकाम तिच्यात करा, मग काढून इस्त्री करून या स्वस्तातल्या रिंगमध्ये चढवा. मी आता असंच करते. पाचात साडेतीन देईन, त्यातला अर्धा फेल्टचा.

भिंतीवर सध्या चार लागल्यात. ती चपटी १० इंची परत करायची मुदत कधीच गेली, भाचा तिचं स्टिअरिंग करून घरभर एसटी चालवतोय.