निवळी फाटा चुकला: मागे फिरायचं की पुढे जायचं?

मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालात, बावनदी ओलांडून निवळी घाट चढलात, आणि गप्पांच्या नादात मुंबई-गोवा महामार्गावरून उजवीकडे गणपतीपुळ्याला जाणारा निवळी फाटा मागे पडला. माझा दोनदा पडलाय. एकदा मागे फिरलो, एकदा पुढे गेलो. त्या अनुभवावरून लिहितोय.

आधी एक पर्याय बाद करतो: रिव्हर्स घेणं किंवा कडेकडेने उलटं येणं. "शंभर फूट तर आहे" असं म्हणणारा एक जण प्रत्येक गाडीत असतोच. त्याचं ऐकू नका. हा जयगड बंदराकडच्या अवजड गाड्यांचा फाटा आहे आणि उतारावर भरलेला ट्रक लगेच थांबत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून उलट दिशेने गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडतं. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

आता खरी निवड. दुभाजकातल्या पुढच्या अधिकृत वळणावरून मागे आलात तर निवळीहून जाकादेवी, चाफे करत पुळं साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता आतला, वळणांचा, पण ठरलेला. रात्र असेल, धो धो पाऊस असेल किंवा पोरं ओकायला लागली असतील, तर हाच बरा.

उजेड हाताशी असेल तर मी मात्र पुढेच जाईन. महामार्गावरच पुढे लागणाऱ्या हातखंब्याला उजवीकडे वळलं की तेरा-चौदा किलोमीटरवर रत्नागिरी. तिथे पेट्रोल, एटीएम, पोटभर मासे, सगळं आहे. मग साखरतर, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे करत किनाऱ्याने पुळं, जवळपास पंचवीस किलोमीटर. मागे फिरण्यातले जातानाचे-येतानाचे किलोमीटर धरले तर फरक फार उरत नाही, आणि आरे-वारेच्या चढावरून खाली दोन्ही किनारे दिसतात ते वेगळंच. गैरसोय एकच: शहरातली गर्दी. मे महिन्यात आणि शनिवार-रविवारी तिथे अर्धा तास सहज जातो. सूर्यास्तानंतर पोचणार असाल तर या वाटेचा अर्धा फायदा गेलाच.

तिसरा पर्याय मोबाइल सुचवतो: मधल्या गावातून 'शॉर्टकट'. नकाशावर रेघ दिसते, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) आणि समोरून येणारी एसटी. मागे कोणी घ्यायचं यावर पंधरा मिनिटं. घाटात रेंजही जाते, म्हणून नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा.

फाटा चुकण्याचं एक कारण चौपदरी रस्त्यातच आहे. जिथे उड्डाणपूल आहे तिथे उजवीकडच्या गावाला जायला आधी डावीकडच्या सर्व्हिस रोडला उतरावं लागतं. जुन्या सवयीने उजवी लेन धरून बसलात की गाडी पुलावर चढलीच.

आणि हातखंबाही चुकला तर? मग हौस पुरे. पालीपर्यंत जा आणि तिथून मागे फिरा. तिथे चुकूनही डावीकडे वळू नका, तो रस्ता साखरप्यावरून आंबा घाटाने थेट कोल्हापूरला जातो.