अंदमान सहल: कंपनीला दोन स्टार, बौदीच्या होमस्टेला पावणेपाच

आधी पैशाचं सांगते कारण सगळ्याजणी पहिलं तेच विचारतात. पाच माणसं, सहा रात्री, चेन्नईपासूनचं विमान धरून दोन लाख अकरा हजार, सोलापूर ते चेन्नई रेल्वेचं तिकीट आमचं आम्ही काढलं ते वेगळं. पाच म्हणजे मी, आमचे हे, सासूबाई, पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला लेक आणि आठवीतली मुलगी. डिसेंबर २०२४, ख्रिसमसच्या सुट्टीत. ट्रॅव्हल कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये मला, पण काय काय झालं ते लिहिते, ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

ऑफिसात बुकिंग करताना "मॅडम, सी व्ह्यू रूम, शुद्ध शाकाहारी, आजींना काहीच त्रास नाही" असं तीनदा सांगितलं होतं. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं, टॅक्सीवाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) रूममधून समुद्र दिसत होता, नाही असं नाही, बाथरूमच्या खिडकीतून, बादलीवर उभं राहिलं तर. शाकाहारी म्हणजे तीन दिवस दोन्ही वेळ पनीर. दुसऱ्या दिवशी रात्री सासूबाई म्हणाल्या, मला एक कडक भाकरी दे बाई आणि शेंगा चटणी, बाकी काही नको. नशीब मी अर्धा किलो चटणी आणि भाकरीचा गठ्ठा घेऊन गेले होते, घरातून निघताना लेकानं "आई, आपण अंदमानला चाललोय की दुष्काळात" म्हणून हसून घेतलं होतं आणि तिथं सगळ्यात जास्त त्यानंच खाल्ली.

कंपनीचा माणूस फोन उचलायचा नाही. आणि सगळं घाईत. पॉइंट, पॉइंट, पॉइंट. रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, दीड तासात उरका, नॉर्थ बेला पोचलो की वॉटर स्पोर्ट्सचे पैसे वेगळे, मग "फोटो काढले का? चला." मी घरी पण हेच करते की, सकाळी पाचला उठून डबा, दूध, ह्यांचा चहा, आईंच्या गोळ्या, सगळं घड्याळावर, तेच करायला एवढं लांब विमानानं कशाला यायचं.

सेल्युलर जेल मात्र कंपनीला पण बिघडवता आलं नाही. तिथं किती ऐकलं होतं शाळेपासून, पण ती कोठडी समोर आली की डोकं बंदच होतं. सावरकर १९११ मध्ये तिथं आले ते १९२१ पर्यंत, आणि त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्याच जेलमध्ये होते. सात विंगांपैकी तीनच राहिल्यात आता. सावरकरांच्या कोठडीच्या दारात सासूबाईंनी चप्पल काढली. कुणी सांगितलं नव्हतं. मागं लाईन लागलेली, एकजण "आजी, जरा लवकर" म्हणाला, त्या हलल्या नाहीत. खाली कोलू आहे, तेल गाळायला माणसाला बैलासारखं जुंपायचे तो, आणि पलीकडं फाशीघर. तिथं आल्यावर लेक हळूच म्हणाला, आपले सोलापूरचे चार हुतात्मे येरवड्याला ना गं? मी म्हटलं हो, १२ जानेवारी १९३१, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चार पुतळ्यापासून आपण किती वेळा रिक्षा पकडतो, चौकात ट्रॅफिक किती म्हणून शिव्या घालतो, त्या दिवशी मला चारही नावं न अडखळता सांगता आली याचंच बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. २५ तारखेला बोटीनं हॅवलॉकला गेलो (त्याचं पण नाव बदललंय, स्वराज द्वीप) तर हॉटेलवाला म्हणतो तुमचं बुकिंगच नाही, ख्रिसमस आहे, सगळं फुल्ल. ह्यांचा आवाज चढला, मुलगी रडायला लागली, सासूबाई बॅगेवर बसून "सिद्धेश्वरा" म्हणत होत्या. दोन तासांनी कंपनीवाल्यानं फोन उचलला आणि आम्हाला गोविंदनगरला एका बंगाली बाईच्या होमस्टेत टाकलं. टाकलं असंच म्हणते कारण तेव्हा तसंच वाटलं होतं. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, एसी एकाच खोलीत, आणि स्वयंपाकघरातून माशाचा वास. सासूबाईंचं तोंड बघायचं होतं तुम्ही.

त्या बाईला सगळे बौदी म्हणतात, आपल्याकडं वहिनी म्हणतात तसं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना सरकारनं ह्या बेटांवर वसवलं, बौदीचे सासरे त्यातले. गावांची नावं ऐका, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पुढं नील बेटावर गेलो तर तिथं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सासूबाईंना हे कळल्यावर निम्मा राग तिथंच गेला, म्हणाल्या, घरदार सोडून आलेली माणसं, नावं तेवढी देवाची घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा, म्हणजे उद्यापन, आणि त्यात सफला एकादशी. ह्यावरून घरातच आधी केवढा वाद झाला होता. ह्यांचं म्हणणं सहलीत कशाला, तीन गुरुवार झाले की, लेकाचं म्हणणं देव काय हजेरी घेतो का बे, मुलीचं म्हणणं काहीच नाही, ती मोबाईलवर. मी अठरा वर्षं करते हे व्रत. का करते असं कुणी विचारलं तर खरं सांगते, मला धड उत्तर देता येत नाही. पहिल्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं म्हणून केलं, मग लेक आजारी होता म्हणून केलं, मग सवय झाली, आणि आता त्या चार गुरुवारी संध्याकाळी मी पाटासमोर बसलेली असताना मला कुणी हाक मारत नाही, एवढा वेळ तरी माझा असतो, हे पण कारण असेल. देवीला चालत असेल असं धरून चालते.

बॅगेत छोटा तांब्या, पोथी, हळदीकुंकू सगळं नेलं होतं. पाच डहाळ्या आणि नारळ तेवढा हवा होता. सकाळी बौदीला हातवारे आणि मोडक्या हिंदीत सांगायला गेले, तर ती हसायलाच लागली. तिच्याकडं पण गुरुवार! बंगाली बायका दर गुरुवारी लक्ष्मीची पूजा करतात, घट मांडतात, पोथी वाचतात, आणि तिच्या घरात त्या दिवशी मासा शिजत नाही. सासूबाईंनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिचा घट वेगळा, आंब्याची एकच डहाळी पण तिला पाच पानं हवीत, वर शेंडीवाला नारळ नाही, देठासकट हिरवं शहाळं. रांगोळी नाही, तांदूळ वाटून त्याच्या पाण्यानं बोटानं लक्ष्मीची पावलं काढली तिनं, इतकी सुबक की माझी रांगोळी मी पुसून टाकली. डहाळ्या कोण आणणार तर लेकच उठला, श्रद्धा वगैरे काही नाही हो, तिथं नेटवर्क नव्हतं म्हणून.

कंपनीच्या कागदावर गुरुवारी "राधानगर बीच सनसेट" होतं. आशियातला सगळ्यात छान बीच म्हणून टाइम मासिकानं २००४ मध्ये नाव काढलं होतं तो. गंमत अशी की तिकडं डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो, देश आपलाच, घड्याळ आपलंच, पण आपल्यापेक्षा तासभर आधी अंधार. म्हणजे सनसेट आणि दिवेलागण एकाच वेळी. हे आणि पोरं गाडीतून बीचला गेली, मी आणि आई थांबलो. अंदमानला जाऊन राधानगरचा सनसेट बघितला नाही म्हणून माझ्या बहिणीनं मला वेड्यात काढलंय, आणि खोटं कशाला बोलू, लेकानं व्हिडिओ दाखवला तेव्हा मला पण हळहळ वाटली.

पण ती दुपार. पोरं तीनला गेली आणि पूजेला पावणेपाचला बसायचं होतं, मधे काहीच काम नाही. बौदीच्या मागच्या दारात दोन पायऱ्या आहेत, समोर नारळाची झाडं आणि ओहोटीनं लांब गेलेला समुद्र, नुसता ओला दगड आणि खेकडे. मी बसले. सवयीनं दोनदा उठले, काहीतरी गॅसवर ठेवलंय असं वाटलं, मग परत बसले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली जी मी एकवीस वर्षांत ऐकली नव्हती. ह्याला कागदावर काय पॉइंट म्हणणार.

संध्याकाळी उद्यापनाला पाच सवाष्णी पाहिजेत. बौदी, तिची जाऊ, शेजारची एक, आणि पलीकडच्या खोलीतली नागपूरची नवी नवरी, चुडा भरलेली, ती बिचारी नवऱ्याला एकटा बीचवर पाठवून थांबली. चार. पाचवी मिळेना. हळदीकुंकवाची वेळ आली तशा सासूबाई नेहमीसारख्या उठल्या आणि आत निघाल्या. सासरे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक हळदीकुंकवाला त्या अशाच उठतात, मला भाजी बघायची आहे म्हणतात, आणि मी बघितलं न बघितलं करते. हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मी तो फॉरवर्ड केला होता सगळ्या ग्रुपवर, हात जोडलेल्या इमोजीसकट. आणि स्वतःच्या घरात हे असं.

बौदीच्या घरी भाजी बघायला काही नव्हतंच, एकादशी. मी म्हटलं, आई, बसा. त्या म्हणाल्या, अगं. मी म्हटलं, पाच व्हायच्यात, बसा. माझा आवाज जरा करडाच आला. बसल्या. मी लावलं. "मोठं लावू नको," एवढंच म्हणाल्या. बौदीनं शंख वाजवला, तिच्या जावेनं जिभेनं तो उलूचा आवाज काढला, नागपूरच्या पोरीनं आरती म्हटली, आणि फळं वाटताना सासूबाईंनी केळं हातात घेतलं ते तसंच धरून बसल्या बराच वेळ. पोरं आली तेव्हा मुलीनं आजीच्या कपाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही, आठवीतल्या पोरीला एवढं कळतं. ह्यांना कळलंच नाही, ते सनसेटचे फोटो दाखवत होते.

ही गोष्ट सांगून कुणी मला शाबासकी देऊ नका. तीन आठवड्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडं, गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस, घरात नणंद, दोन्ही जावा, सोसायटीतल्या बायका. सासूबाई उठल्या, भाजी बघायला गेल्या. मी वाणाची ताटली हातात घेऊन उभी होते आणि मी हाक मारली नाही.

असो, रिव्ह्यू पुरा करते. शुक्रवारी पहाटे उत्तरपूजा करून घटातलं पाणी बौदीच्या तुळशीला घातलं आणि बोटीला पळालो. नील छान, दगडाची नैसर्गिक कमान आहे ती ओहोटी असतानाच बघायला मिळते, वेळ विचारून जा, आईंना तिथं नेऊ नका, दगड फार निसरडे. आमच्या कंपनीनं भर भरतीला नेलं, लांबूनच नमस्कार.

जाणार असाल तर विमान आणि बोट स्वतः बुक करा, राहायला होमस्टे बघा, आणि हॅवलॉकला तीन रात्री ठेवा, पोर्ट ब्लेअरला दोन बास. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. शिंपले, प्रवाळ काही उचलू नका, बंदी आहे, विमानतळावर बॅग तपासतात. सासूबाईंच्या पिशवीतून एक शंख निघाला, साहेबांना म्हणतात कशा, मी घेतला नाही, समुद्रानं दिला. साहेब हसला पण शंख ठेवून घेतला. बौदीला पाव स्टार कमी का, तर गरम पाणी बादलीनं आणून द्यावं लागतं आणि गादी पातळ आहे. कंपनीला दोन दिले त्यातला एक बुकिंग चुकवल्याबद्दल आहे.

परवा दुपारी जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, त्या बौदीचा नंबर आहे का गं तुझ्याकडं. मी म्हटलं आहे, लावू का? म्हणाल्या, आत्ता नको, गुरुवारी लाव.