स्कायरिममधला दिवस फार लवकर मावळतो: काही महिन्यांच्या वापरानंतर

जूनमधली पहिली वावटळ आली, लाइट गेली, आणि ती नेमकी स्कायरिम हा संगणकावरचा खेळ सेव्ह होत असताना गेली. फाइल बिघडली. पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरमध्ये हे ठरलेलंच आहे, त्यामुळे तक्रार लाइटबद्दल नाही. नवा खेळ सुरू केला तेव्हा मोड (खेळात बदल करणाऱ्या, चाहत्यांनी केलेल्या जोडण्या) तेच होते, लोड ऑर्डर (ते चढण्याचा क्रम) तोच, टेक्स्चर (वस्तूंवरची चित्रं) तीच. तरीही जग कृत्रिम वाटायला लागलं. खेळातल्या व्हाइटरन शहरात गिल्डरग्रीनच्या झाडाखाली उभं राहिलं की फांद्यांची सावली फरशीवर गचके घेत पुढे सरकत होती, आणि एक सामान विकून दुकानाबाहेर यावं तर उजेड बदललेला. कारण साधं आहे. टाइमस्केल, म्हणजे खेळातलं घड्याळ किती वेगाने पळतं तो आकडा, सेव्ह फाइलमध्ये राहतो. नवा खेळ म्हणजे तो परत मूळच्या २० वर.

गेल्या काही महिन्यांत गेमच्या स्पेशल एडिशन या आवृत्तीवर जे जे लावून पाहिलं त्यात भूक, थकवा आणि थंडी आणणारा सर्व्हायवल मोड आहे, आवाजाचे मोड आहेत, हवामान आहे, रहिवाशांचं वागणं बदलणारे मोड आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी हा एक आकडा आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि मोडच्या याद्यांमध्ये त्याला जेमतेम एक ओळ मिळते. म्हणून इथे त्याच्याबद्दल जास्त लिहितोय.

टाइमस्केल २० म्हणजे आपल्या एका मिनिटात तिथली २० मिनिटं. पूर्ण दिवस ७२ मिनिटांत संपतो. दुकानं सकाळी ८ ते रात्री ८ उघडी, म्हणजे आपली फक्त ३६ मिनिटं. जवळच्या गावी चालत जायला तीन मिनिटं लागली तर तिथला एक तास गेला. एखादी गुहा नीट बघायला अर्धा तास लागतो, म्हणजे दहा तास: सकाळी आत शिरलेला माणूस रात्रीच बाहेर येतो. सर्व्हायवल मोडमध्ये भूक आणि थकवा तिथल्या तासांवर मोजला जातो. त्यामुळे २० वर खेळताना दर थोड्या वेळाने ‘भूक लागली’ येतं आणि लोक वैतागून सर्व्हायवल मोडच काढून टाकतात. दोष सर्व्हायवल मोडचा नसतो, घड्याळाचा असतो. तोच मोड १२ वर चालवला की तीच भूक आपल्या वेळेत चाळीस टक्के कमी वेळा छळते.

बदलायचं असं: एस्केपच्या खालची कळ दाबून कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडायचा आणि रोमन अक्षरांत ‘सेट टाइमस्केल टू १२’ टाइप करायचं. एंटर, कन्सोल बंद, आणि लगेच वेगळी सेव्ह. बसलाय की नाही हे ‘गेटग्लोबलव्हॅल्यू टाइमस्केल’ने कळतं. दर नव्या खेळात हे परत करावं लागतं, म्हणून गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल करून त्यात ही ओळ लिहून ठेवावी. कन्सोलमध्ये ‘बॅट’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं की काम झालं. त्याच फाइलमध्ये पुढच्या ओळीवर ‘एफओव्ही ८५’ (दृश्य किती रुंद दिसावं तो आकडा) टाकलं तर तेही एकदमच होतं.

आधी ६ वर चालवलं. दिवस चार तासांचा होतो आणि पहिल्या काही बैठका अप्रतिम जातात. पहाटेचं धुकं, दुपार, उतरतं ऊन, सगळं आपापल्या वेळी येतं. मत बदललं ते नंतर, जगाची बाकी यंत्रणा तिथल्या तासांवर बांधलेली आहे हे जाणवायला लागल्यावर. व्यापाऱ्यांचा माल आणि गल्ला ४८ तासांनी भरतो. २० वर ती आपली १४४ मिनिटं, ६ वर तब्बल आठ तास. मग विकायला आणलेलं सामान पडून राहतं आणि ‘वेट’ दाबून दिवस ढकलावे लागतात, म्हणजे जे टाळायचं होतं तेच हाताने करायचं. गुहा पुन्हा भरायला १० दिवस, साफ केलेली असेल तर ३०. दहा दिवस म्हणजे २० वर बारा तास खेळ, ६ वर चाळीस. आकडा अजून खाली नेला तर काही पात्रांच्या दिनक्रमात आणि वेळेवर घडणाऱ्या प्रसंगांत अडथळे यायला लागतात. १ वर कोणी चालवू नये.

मशालीचा हिशेबही बघा. मशाल आपल्या चार मिनिटांत विझते, टाइमस्केल काहीही असो, कारण ती खऱ्या सेकंदांवर चालते. औषधांचे आणि मंत्रांचे परिणामही तसेच. रात्री ८ ते पहाटे ५ धरलं तर २० वर ती सत्तावीस मिनिटं, म्हणजे सात मशाली. १२ वर पंचेचाळीस मिनिटं, बारा मशाली. ६ वर दीड तास, बावीस-तेवीस मशाली. गडद रात्रींचा मोड लावला असेल तर ६ वर माणूस मशालीच वाहत बसतो. बारा मशाली मात्र बरोबर जमतात: रात्रीचा प्रवास करायचा की सराईत थांबायचं हा विचार करावाच लागतो, आणि ओझं हाताबाहेर जात नाही. म्हणून आता मुक्काम १२ वर. दिवस बरोबर दोन तासांचा, मालाचा फेरा चार तासांचा.

रहिवाशांच्या मोडबद्दलचं मत याच्यामुळेच उलटलं. ‘एआय ओव्हरहॉल’ लावूनही काही फरक पडत नाही असं आधी वाटत होतं. २० वर पडणारच नाही. एखाद्याचा दिनक्रम कितीही बारकाईने लिहिला, तरी घरापासून बाजारापर्यंत चालण्यातच त्याचा तास जात असेल तर तो कायम रस्त्यावरच दिसणार. इंदूरचा सराफा बाजार जिवंत वाटतो तो दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या, हा बदल डोळ्यांदेखत होतो म्हणून. अर्ध्या तासात दिवस उलटला असता तर नुसती गर्दी दिसली असती. व्हाइटरनचा बाजार १२ वर मांडताना दिसतो, आवरताना दिसतो, आणि मग तीच माणसं ‘बॅनर्ड मेअर’ या सराईत बसलेली सापडतात. ‘इमर्सिव्ह सिटिझन्स’ पावसात लोकांना आडोशाला पाठवतो, ते बघायला छानच, पण शहरांची रचना बदलणाऱ्या मोडशी त्याचं भांडण होतं. शहरं वाढवणारं काही लावलं असेल तर ‘एआय ओव्हरहॉल’च बरा.

‘स्कायरिम सोल्स आरई’ हा दुसरा आवडलेला मोड. मेनू उघडला तरी जग थांबत नाही. पुस्तक पाच मिनिटं वाचलं तर १२ वर बरोबर एक तास जातो, जो पटतो. २० वर एक तास चाळीस मिनिटं, आणि पातळशा पुस्तकासाठी ते जास्त वाटतं. लढाईत पिशवी उघडून सहा प्रकारचं चीज खाऊन जखमा भरणं मात्र बंद होतं. हे सुरुवातीला जड जातं, म्हणून औषधं फेव्हरिट्समध्ये आणि आकड्यांच्या कळांवर आधीच लावून ठेवावीत.

आता कंपास, म्हणजे पडद्यावरची दिशा दाखवणारी पट्टी. कामाची जागा दाखवणारे तरंगते बाण सेटिंग्जमधूनच बंद होतात. वरची पट्टी घालवायची तर स्कायरिमप्रेफ्स नावाच्या आयएनआय फाइलमध्ये ‘बीशोकंपास’पुढचा १ काढून ० करायचा. मोड सांभाळायला मॉड ऑर्गनायझर २ वापरत असाल तर फाइल त्याच्याच आयएनआय एडिटरमधून उघडायची. प्रोफाइलची वेगळी आयएनआय चालू असेल तर डॉक्युमेंट्समधल्या फाइलीत केलेला बदल गेमपर्यंत पोचत नाही. पण नुसती पट्टी काढून थांबलात तर तासाभरात परत लावाल. स्कायरिममधल्या कामांचा मजकूर बाण आहे असं धरूनच लिहिलेला आहे: अमुक गुहेतून तमुक आणा, एवढंच. याच मालिकेतल्या २००२च्या मॉरोविंडमध्ये बाण नव्हता, म्हणून डायरीत वाट लिहिलेली असे, पूल ओलांडा, नदी डावीकडे ठेवा, असं. ती वाट इथे ‘ईव्हन बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज’ हा मोड लिहून देतो. तो कामांच्या नोंदी बदलतो, त्यामुळे कामांना हात लावणाऱ्या दुसऱ्या मोडसाठी त्याचे पॅच घ्यावे लागतात. न घेतल्यास ज्याचा प्लगइन (मोडची फाइल) लोड ऑर्डरमध्ये खाली, त्याचाच बदल उरतो. कुठे टक्कर होतेय ते एसएसईएडिट या मोड तपासायच्या साधनात दिसतं.

चौरस्त्यांवरच्या पाट्या गेममध्ये पहिल्यापासून आहेत, बाण असताना त्या कोणी वाचत नाही एवढंच. अगदीच वाट चुकली तर क्लेअरव्हॉयन्स मंत्र आहे. तो रस्ता दाखवतो आणि त्याची किंमत मॅजिकामध्ये, म्हणजे मंत्रशक्तीत, घेतो, म्हणजे मदतही त्या जगातलीच. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर टिचकी मारून थेट पोचणं, सर्व्हायवल मोड बंदच करतो. पाच मोठ्या शहरांच्या तबेल्याजवळ गाडीवान असतात, मोठ्या शहरासाठी २० सोन्याची नाणी, डॉनस्टारसारख्या लहान ठिकाणी ५०. सुरुवातीला हे ५० खिशाला लागतात, आणि लागलेच पाहिजेत.

थंडीच्या बाबतीत एक पक्कं सांगतो: सर्व्हायवल मोड आणि फ्रॉस्टफॉल हा थंडीचा मोड एकत्र लावू नका. दोघंही थंडी आपापल्या पद्धतीने मोजतात आणि माणूस दुप्पट गारठतो. तंबू आणि शेकोटीसाठी ‘कॅम्पफायर’ पुरेसा आहे, फुकट आहे. पैशांचाच विषय निघाला म्हणून: नोव्हेंबर २०२१ पासून सर्व्हायवल मोड आणि मासेमारी स्पेशल एडिशनवाल्यांना फुकट मिळते. फक्त एवढ्यासाठी ॲनिव्हर्सरी आवृत्तीचं अपग्रेड विकत घेऊ नये. नेक्सस या मोडच्या वेबसाइटवरची तयार कलेक्शन (मोडचे संच) फुकट खात्यावरही उतरतात, फक्त प्रत्येक मोडसाठी वेगळं क्लिक करावं लागतं. दोन संध्याकाळी गेल्या तरी चालेल, पण कोणता मोड काय करतो ते त्यात कळतं, आणि पुढे काही बिघडलं की तेच ज्ञान उपयोगी पडतं.

४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर ४के टेक्स्चर नकोतच. डोंगर, जमीन, कपडे २के. भांडी, टोपल्या, फळं १के. व्हीआरएएम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) भरला की मान वळवताना चित्र अडखळतं, आणि मोकळ्या जगात माणूस सारखी मान वळवतच असतो. फ्रेम सेकंदाला ६० वर बांधाव्यात, कारण मूळ गेमचं भौतिकशास्त्र त्याच्या वर बिघडतं आणि खोलीत शिरताच टेबलावरची भांडी उडतात. इथल्या मे महिन्यात लॅपटॉपवर ४५ वर बांधल्या तरी चालतं. पंखा शांत राहतो, चाल एकसारखी राहते.

आवाजाला ‘ऑडिओ ओव्हरहॉल’ आणि ‘साउंड्स ऑफ स्कायरिम’ आहेत, आणि संगीत एक तृतीयांशावर. पण खोलीत कूलर चालू असेल तर वारा, झरा, मागून येणारी पावलं, काही म्हणता काही ऐकू येत नाही. माळव्यात उन्हाळाभर कूलर बंद करता येत नाही, तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत. वायर हेडफोनपासून सुटी होणारी बघून घ्या. जॅकपाशी वायर तुटतेच, आणि वॉरंटीत असूनही सर्व्हिस सेंटर त्याला ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून मोकळं होतं. सुटी वायर मिळत असेल तर हा वाद घालावाच लागत नाही.

राहिली सेव्ह. डेस्कटॉप असेल तर इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून साधा ६०० व्हीएचा यूपीएस आणा. खेळत बसण्यासाठी नाही, सेव्ह करून मशीन बंद करण्याइतकी मिनिटं मिळावीत म्हणून. ज्याच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेली आहे त्यालाही तोच उपाय. प्रवास, विश्रांती, वेट या तिन्ही ऑटोसेव्ह बंद ठेवाव्यात आणि दर वेळी नवी सेव्ह करावी, जुन्यावर लिहू नये. बॅकअप घेताना डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरातून ईएसएस फाइल आणि त्याच नावाची एसकेएसई (अनेक मोडना लागणारं जोड-साधन) फाइल, दोन्ही उचलाव्यात. दुसरी राहिली तर गेम उघडतो, पण त्यावर चालणारे मोड आपली साठवलेली माहिती हरवून बसतात. खेळ अर्ध्यावर असताना स्क्रिप्टवाला मोड काढू नका, त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. स्टीमवर ‘फक्त चालू करताना अपडेट’ निवडा आणि गेम कायम एसकेएसईच्या लोडरमधून उघडा. डिसेंबर २०२३च्या अपडेटनंतर एसकेएसईवरचे मोड नव्या आवृत्तीला जुळवले जाईपर्यंत थांबावं लागलं होतं. तसं परत कधीही होऊ शकतं.

विचर ३ या दुसऱ्या गेमने डिसेंबर २०२२च्या अपडेटमध्ये लढाई किंवा विचर सेन्स (नायकाची माग काढायची शक्ती) चालू नसताना मिनीमॅप लपवायची सोय सेटिंग्जमध्येच दिली. स्कायरिमच्या सेटिंग्जमध्ये टाइमस्केलसाठी एक साधा स्लायडर २०११ पासून नाही. तोवर कन्सोल आहे. एकही मोड न लावलेल्या गेमवरसुद्धा तो चालतो, तेव्हा बाकी काही उतरवण्याआधी १२ करून व्हाइटरनच्या बाजारात सकाळी आठला उभे राहा आणि दुकानं आवरेपर्यंत शहर सोडू नका.