नऊ महिन्यांच्या वापरानंतर: स्पीकर उत्तम, पण मागची पट्टी पहिल्याच दिवशी काढा

सातव्या महिन्यात उजव्या स्पीकरचा ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) गेला. एकदम गेला नाही. आधी झांजेची धार बोथट झाली, मग गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता डावीकडे सरकू लागला, आणि शेवटी उजवीकडून नुसता पांघरुणाखालून यावा तसा दबका आवाज उरला. सर्व्हिसवाल्यांनी मल्टिमीटर लावून ‘कॉइल जळली, ही वॉरंटीत बसत नाही’ असा निकाल दिला. ट्वीटरमधली तारेची कॉइल जळलेली नव्हती. मागच्या टर्मिनलांना, म्हणजे वायर लावायच्या नटांना, आपसात जोडणारी पत्र्याची पट्टी सैल झाली होती.

जोडी नेहमीचीच आहे: खालच्या स्वरांसाठी साडेसहा इंची वूफर, एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर, मागे पोर्ट (बेससाठीचं नळीसारखं भोक), ८ ओहम रोध, ८७ डेसिबल संवेदनशीलता. आधी होम थिएटर संचातले छोटे स्पीकर होते, त्यांच्या जागी हॉलमध्ये ही आली. आवाजाबद्दल पुढे लिहितो. आधी पट्टीचं, कारण एवढ्या चांगल्या वस्तूत एवढा सुमार तुकडा कशासाठी घालतात हे मला अजून पटलेलं नाही.

मागे चार टर्मिनल असलेल्या स्पीकरमध्ये वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची. आपण बहुतेक जण अँप्लिफायरची वायर खालच्या जोडीला लावतो. म्हणजे ट्वीटरला मिळणारा सगळा सिग्नल खालची जोडी वरच्या जोडीला जोडणाऱ्या दोन पट्ट्यांतून जातो. पट्टी असते पातळ पितळी पत्र्याची, वर सोनेरी मुलामा. टोकांना खाचा, आणि ती नटाखाली दाबून बसवायची. आता यात काय बिघडतं ते पाहा. उघडी वायर लावली तर तिच्या तारा पट्टीच्या खाली एका बाजूला येतात, पट्टी तिरकी होते आणि फक्त एका कडेवर टेकते. दाबाखाली तांब्याच्या तारा हळूहळू चपट्या होतात, नट तोच राहतो पण पकड जाते. वर वूफरची कंपनं रोजची. बनाना प्लगवाल्यांचं तर आणखी वाईट, कारण प्लग मागच्या भोकात सरळ शिरतो, नट पिळावाच लागत नाही. तो पहिल्या दिवसापासून ढिला असतो, आणि पट्टी नुसती लोंबकळत असते. आमच्याकडे हेच झालं होतं. दमट हवेत मुलाम्याच्या ओरखड्यांतून पितळ काळं पडतं, मग उरलेला स्पर्शही जातो.

सैल जोड म्हणजे पूर्ण तुटलेला जोड नव्हे, म्हणून तो लवकर लक्षात येत नाही. त्या जागी ५-६ ओहमचा अडथळा आला की तेवढ्याच ओहमच्या ट्वीटरला निम्मं व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबलची घट. स्पीकर वाजत राहतो, फक्त मंद वाटतो, आणि माणूस दोष रेकॉर्डिंगला देतो.

आता मल्टिमीटरच्या निकालाबद्दल. पट्ट्या काढून वरच्या दोन टर्मिनलांवर ओहम मोजले की मीटर ‘ओपन’, म्हणजे वाट तुटलेली, दाखवतो. तो दाखवणारच. ट्वीटरच्या वाटेत क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर असतो, तो वूफरचे खालचे स्वर अडवतो. मीटर मोजतो डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, आणि डीसी कपॅसिटरमधून जात नाही. खालच्या जोडीवर मात्र ५.५ ते ७ ओहमच्या आसपास आकडा येतो, कारण वूफरच्या वाटेत कपॅसिटरऐवजी तारेचं वेटोळं असतं, त्यातून डीसी जातो. त्यामुळे वर ‘ओपन’ आणि खाली आकडा हे निरोगी स्पीकरमध्येही दिसतं, त्यावरून कॉइल जळली असं ठरत नाही. वाद घालायची वेळ आली तर एकच करा: चालू असलेल्या दुसऱ्या स्पीकरच्या वरच्या टर्मिनलांवर तेच मोजायला सांगा. तिथेही ‘ओपन’ येईल. आमचं प्रकरण इथेच मिटलं, पण त्याआधी तीन आठवडे गेले आणि नव्या ट्वीटरचा अंदाजखर्च हातात पडला होता. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांना कपॅसिटर माहीत नसावा याची चीड अजून जात नाही.

ट्वीटर खरोखर तपासायचा तर तो बाहेर काढून, एक वायर सोडवून, थेट त्याच्या टॅगवर (वायर जोडायच्या पात्यांवर) मोजावा लागतो. ३ ते ६ ओहम आले की कॉइल शाबूत. पण स्क्रू काढताना जपा. मागचा चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचून घेतो आणि टोक घुमटातून आरपार जातं. वॉरंटी चालू असेल तर इथपर्यंत जाऊच नका.

त्याआधीची तपासणी दोन मिनिटांची आहे. अँप्लिफायर बंद करा, मागच्या डाव्या-उजव्या वायरी आपसात बदला, पुन्हा चालू करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर अँप्लिफायर किंवा त्याच्या आधीचं काही. तिथेच राहिला तर वायर किंवा स्पीकर. स्पीकर ठरला तर बारीक आवाजात गाणं लावून पट्टी बोटाने दाबा. झांज परत आली की झालं निदान. धातूचं काही त्या जागी नेऊ नका, प्लस-मायनस जुळले तर अँप्लिफायरचा आउटपुट जाऊ शकतो.

उपाय घरातल्या उरलेल्या वायरचा. अडीच चौरस मिलिमीटरच्या स्पीकर वायरचे १२ सेंटीमीटरचे चार तुकडे, प्रत्येक स्पीकरला दोन. दोन्ही टोकांचं आवरण १२ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा. टोकांना सोल्डर लावायचा मोह टाळा, कथिल दाबाखाली सरकतं आणि नट पुन्हा ढिला पडतो. क्रिंप करायचं, म्हणजे दाबून बसवायचं, हत्यार असेल तर यू आकाराचे लग (धातूची टोकं) बसवा, ते सगळ्यात टिकाऊ. नसेल तर तारा टर्मिनलच्या आडव्या भोकातून घाला आणि नट आवळा. हाताने घट्ट, मग फडकं धरून अजून पाव फेरा, बस. पकड वापरली की अख्खं टर्मिनल फिरतं आणि आतली वायर सुटते, ते काम फार महागात पडतं. टर्मिनलवर काळपटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरे. पॉलिश पेपर घासू नका, मुलामाच निघून जाईल.

बाजारात याच कामासाठी नक्षीदार वेणीच्या जंपर वायरी मिळतात. घेऊ नका. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम, म्हणजे १२ सेंटीमीटरला एक सहस्रांश ओहमपेक्षाही कमी. याहून चांगलं कानाला काही कळणार नाही. अँप्लिफायरपासून वरच्या आणि खालच्या जोडीला वेगवेगळी वायर ओढण्याचंही तसंच, त्याचा एकच फायदा म्हणजे पट्टी निघते. तो फायदा वरच्या चार तुकड्यांत मिळतो.

मुख्य वायरीसाठीही हाच हिशेब. पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन अडीचच्या वायरचा रोध ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला एवढं पुष्कळ झालं.

आता आवाज. पहिले तीन महिने माझं मत वाईट होतं, आणि ते चुकीचं होतं. बेस घुमायचा, विशेषतः तबल्याचा डग्गा आणि पुरुषी निवेदन. पोर्टमध्ये स्पंजचे बोळे घातले तर घुमणं गेलं पण खर्जही गेला. बोळा घातला की पेटी बंद पेटीसारखी वागते: बेस जरा वरच्या स्वरापासूनच उतरायला लागतो, उतार मात्र सौम्य, सप्तकाला सुमारे १२ डेसिबल. उघड्या पोर्टचा उतार २४. पोर्टची लांबी, पेटीचं आकारमान आणि वूफर यांचं गणित नेव्हिल थील या अभियंत्यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पक्कं मांडलं, आणि कारखाने त्यावरच चालतात. त्या गणितात तुमची भिंत नसते.

इथे भिंत पोर्टपासून १५ सेंटीमीटरवर होती. शिवाय स्पीकरची भिंत ते सोफ्याची भिंत हे अंतर ३.६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ३४३ भागिले ७.२ (त्या अंतराची दुप्पट), म्हणजे ४८ हर्ट्झला खोली स्वतः घुमते. या स्पीकरचा पोर्टही त्याच आसपास वाजतो. दोन्ही एकावर एक चढले, आणि शिव्या स्पीकरला.

चौथ्या महिन्यात स्टँड पुढे ओढून पोर्ट आणि भिंतीत ४५ सेंटीमीटर ठेवले, बोळे काढले, आणि मत बदललं. खर्ज राहिला, फुगवटा गेला. सोफा मात्र दहा-पंधरा सेंटीमीटर हलवून काही होत नाही. कान भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर आले तेव्हा ४८ हर्ट्झचं ते घुमणं भिंतीलगतच्या मानाने ३ डेसिबलने उतरलं. ज्यांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीलाच लागणार, त्यांनी बोळा अर्धाच घालून पाहावा. गुंडाळलेला पायमोजाही तेच काम करतो.

भिंतीपासून दूर नेण्याची किंमतही आहे. पुढच्या फळीपासून भिंतीचं अंतर चौपट करून ३४३ ला भागा, तिथे परतलेली लाट मूळ लाट खाते. ७५ सेंटीमीटरला हा खड्डा ११४ हर्ट्झवर येतो, ४५ ला १९० वर. खड्डा चुकत नाही, कुठे पाडायचा एवढंच हातात असतं. माझ्या मते ११४ वरचा बरा, माणसाचा आवाज १९० ला जास्त पोकळ वाटतो.

बाकी गोष्टी पटकन. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, बसलेल्या माणसाला साधारण ९५ सेंटीमीटर. टीव्हीच्या कपाटावरच ठेवायचे असतील तर स्पीकरची पुढची कड कपाटाच्या कडेशी आणा, नाहीतर पृष्ठभागावरून परतणारा आवाज मधले स्वर गढूळ करतो. अँप्लिफायर ५० वॅटचा पुरतो. १०० चा घेतल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. बेस अचानक पातळ वाटला आणि गायक मध्यभागी सापडेना, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. शंका असेल तर वायरीच्या अँप्लिफायरकडच्या टोकाला, ती तिथून सोडवून, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफर बाहेर उसळतो.

आज जोडी पुन्हा पहिल्यासारखी वाजते. बायकांच्या आवाजातला श्वास, सतारीच्या तारेवरचा नखीचा स्पर्श, हे जुन्या छोट्या स्पीकरांत कधी ऐकूच आलं नव्हतं. आठही नट दर तीन महिन्यांनी हाताने तपासावेत, कारण साध्या वायरीच्या ताराही दबतात. आणि काढलेल्या चारही पट्ट्या बिलासोबत पाकिटात ठेवा. स्पीकर कधी परत पाठवायची वेळ आली तर नग अपुरा म्हणून अडवायला तेवढं निमित्त पुरतं.