भूशास्त्राच्या पदवीतला भूजलशास्त्र हा विशेष विषय: एका माजी विद्यार्थिनीचे परीक्षण

बारावीनंतर पाण्याच्या क्षेत्रात काम करायची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात बहुतेक वेळा भूशास्त्राच्या बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा लागतो. भूजलशास्त्र त्याला भेटते ते शेवटच्या टप्प्यात, एखाददुसरा पेपर, त्याला जोडलेले प्रात्यक्षिक आणि जमल्यास एक छोटा प्रकल्प एवढ्याच रूपात. मी याच वाटेने एका अनुदानित महाविद्यालयात हा विषय घेतला, पुढे एम.एस्सी. केले आणि आज भूजल सर्वेक्षणाचे काम करते. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी आणि पालक या विषयाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. विषय फार मोलाचा आहे, त्याचा पुस्तकी भाग आपल्या जमिनीशी पुरेसा जुळवलेला नाही, आणि विभाग विद्यार्थ्यांना विहिरीवर किती नेतो यावर या शिक्षणाचा कस ठरतो.

अभ्यासक्रमाची मांडणी चांगली आहे. जलचक्र, खडकांची सच्छिद्रता आणि पारगम्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता), मुक्त आणि बंदिस्त जलधर (पाणी साठवणारे आणि वाहू देणारे खडकाचे थर), विहिरीकडे वाहत येणाऱ्या पाण्याचे गणित, विद्युतरोध पद्धतीने सर्वेक्षण, पाण्याचे रसायन आणि शेवटी पुनर्भरण, असा क्रम असतो आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी राहते. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून त्याच्या प्रवाहाचा जो नियम शोधला आणि १८५६ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही या विषयाचा पाया आहे. हा प्रयोग नळी, वाळू, मोजपात्र आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर कोणत्याही महाविद्यालयात करता येतो. आमच्याकडे तो नीट करून घेतला गेला आणि त्या एका प्रात्यक्षिकाने पुढची बरीच प्रकरणे सोपी झाली, हे आवर्जून नोंदवते.

अडचण त्यानंतर सुरू होते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. प्रत्येक थराचा खालचा भाग सहसा घट्ट असतो, तर वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी झालेली छिद्रे असतात आणि त्यांतली बरीचशी नंतर झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात. दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातकट खडकाचा पट्टा सापडतो. अशा जमिनीत पाणी साठते ते झिजलेल्या भागात, सांध्यांत आणि भेगांत. त्यामुळे एका विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या बांधापलीकडची विहीर मार्चमध्येच कोरडी, ही गोष्ट इथे नित्याची आहे. धुळे-नंदुरबारकडे उभ्या डाईकमुळे, म्हणजे भेगांत लाव्हा गोठून झालेल्या खडकाच्या भिंतींमुळे, पाणी अडते आणि डाईकला भेगा असतील तर त्याच डाईकमधून ते वाहतेही. पाठ्यपुस्तकातला जलधर मात्र सर्व दिशांना सारखा, अमर्याद पसरलेला आणि एकाच जाडीचा असतो. सूत्र मांडण्यासाठी ही गृहीतके लागतातच, याबद्दल तक्रार नाही. ती आपल्याकडे कुठे मोडतात हे शिकवण्यासाठी मात्र स्वतंत्र तास ठेवायला हवेत, आणि ते बहुतेक ठिकाणी एका व्याख्यानात उरकले जातात.

हा फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणाने सांगते. पूर्ण भिजलेला खडक गुरुत्वाकर्षणाने जेवढे पाणी सोडतो त्या प्रमाणाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. देशातील भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात वाळूमिश्रित गाळासाठी ते १६ टक्के आणि बेसॉल्टसाठी २ टक्के धरण्याची शिफारस आहे. समजा पावसाचे ४० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले, तर गाळाच्या प्रदेशात पातळी २५ सेंटिमीटर चढेल आणि बेसॉल्टमध्ये २ मीटर. म्हणजेच आपल्याकडे विहिरी पावसाळ्यात झपाट्याने भरतात, आणि उपसा सुरू झाला की तितक्याच झपाट्याने खाली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर पाहून उसाची लागण वाढवणाऱ्या शेतकऱ्याला फेब्रुवारीत काय पाहावे लागते, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे. वर्गात दोन्ही आकडे शिकवले गेले, पण हा हिशेब कोणी फळ्यावर मांडला नाही.

उपसा चाचणीचे, म्हणजे विहिरीतून पाणी उपसत पातळी कशी उतरते यावरून खडकाचा अंदाज घेण्याचे, प्रात्यक्षिक हा या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आहे. चार्ल्स थाइस यांची १९३५ची पद्धत सगळीकडे शिकवली जाते. तिच्यात विहिरीचा व्यास नगण्य मानलेला असतो. आता आपल्याकडची ६ मीटर व्यासाची शेतविहीर घ्या. तिच्यात पातळी १ मीटर उतरवायची तर विहिरीतलेच सुमारे २८,००० लिटर पाणी बाहेर काढावे लागते. सेकंदाला ५ लिटर ओढणारा पंप तासाला १८,००० लिटर पाणी काढतो, म्हणजे खडकातून एक थेंबही आला नाही तरी त्या मीटरला दीड तासाहून अधिक वेळ लागेल. चाचणीच्या सुरुवातीच्या नोंदी अशा वेळी खडकाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. त्या विहिरीच्या आकाराबद्दल सांगतात. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी पद्धत दिली. पंप बंद केल्यावर पाणी किती वेगाने वर येते यावरून हिशेब करण्याची स्लिक्टर यांची जुनी रीतही आपल्याकडे उपयोगी पडते. या दोन्ही गोष्टी पदवीच्या पातळीवर सहज शिकवता येतील.

आम्हाला मे महिन्यात एका शेतकऱ्याच्या विहिरीवर नेले होते. पंप चालू झाल्यावर एक जण टेप सोडून दर मिनिटाला पाण्याची खोली सांगत होता आणि बाकीचे वहीत उतरवत होते. पातळी उतरत गेली तसा विहिरीच्या कडेला तांबडा पट्टा उघडा पडला, त्याच्या खाली पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक दिसू लागला, आणि पाणी नेमके त्या मऊ खडकाच्या तळाशी, घट्ट काळ्या पाषाणाच्या माथ्यावरून पाझरत होते. तेही सगळीकडून येत नव्हते. पश्चिमेच्या बाजूला एका भेगेतून धार होती आणि समोरची भिंत नुसती ओलसर होती. आकृतीत सरळ रेषांनी दाखवलेला जलधर प्रत्यक्षात कसा असतो, हे त्या भिंतीने मला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही व्याख्यानाने दाखवले नाही. दुर्दैवाने अशी सहल एकदाच झाली. विभागाकडे वाहनाची सोय नव्हती आणि खर्च विद्यार्थ्यांनाच करावा लागला.

विद्युतरोध सर्वेक्षण ठीक शिकवले जाते. चार खुंट्या जमिनीत ठोकून, अंतर वाढवत नेऊन नोंदी घेणे आणि आलेख काढणे सर्वांना येते. मात्र ते यंत्र पाणी शोधत नसून जमिनीचा विजेला होणारा रोध मोजते, हे मनावर पुरेसे ठसवले जात नाही. ओली चिकणमाती कमी रोध दाखवते आणि खारे पाणीही कमीच दाखवते. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात तर नुसत्या आलेखावर विसंबून जागा सांगणे धोक्याचे आहे. पदवी मिळताच नातेवाइकांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे ‘बोअर कुठे घेऊ’ म्हणून विचारू लागतात. पाणाड्या ठाम जागा दाखवतो. आपल्याला शक्यता सांगावी लागते, आणि कर्ज काढून बोअर घेणाऱ्या माणसाला ती शक्यता प्रामाणिकपणे कशी सांगायची, याचे शिक्षण अभ्यासक्रमात हवे.

पाण्याच्या रसायनाचा भाग उपलब्ध प्रयोगशाळेवर अवलंबून असतो. कठीणपणा आणि क्लोराइड मोजणे बहुतेक ठिकाणी होते, फ्लोराइड मोजणे क्वचितच. यवतमाळ आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत ज्या घटकामुळे दात आणि हाडे बिघडतात, तोच नेमका राहून जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची अपेक्षित मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत मुभा आहे. घरोघरी वापरला जाणारा टीडीएस मीटर विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देतो, त्यामुळे ६०० मिलिग्रॅममध्ये दडलेले २ मिलिग्रॅम फ्लोराइड त्याला दिसत नाही. ही एवढी गोष्ट समजलेला पदवीधर आपल्या गावाच्या फार उपयोगी पडतो.

ज्यांनी बारावीला गणित सोडले त्यांना विहिरीच्या गणितात जड जाते. जमल्यास गणित किंवा भौतिकशास्त्र जोडविषय म्हणून घ्यावे. नकाशे करण्याचे क्यूजीआयएस आणि भूजलाच्या प्रवाहाचे गणित मांडणारे, अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे मॉडफ्लो ही दोन्ही संगणकीय साधने मोफत मिळतात, तरी अनेक ठिकाणी ती शिकवली जात नाहीत. ती स्वतः शिकावी. बेसॉल्टमधील भूजलाचे प्रत्यक्ष शिक्षण हवे असेल तर पुण्यातील ‘अॅक्वाडॅम’ या संस्थेची प्रशिक्षणे पाहावीत. कायद्याचा भाग आमच्याकडे जवळपास नव्हता, आणि ही मोठी उणीव आहे. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानून तिच्यावर निर्बंध घालतो. ज्याला उद्या याच बोअरविषयी सल्ला द्यायचा आहे, त्याला हे माहीत नसून चालणार नाही.

नोकरीबाबत पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. केंद्रीय भूजल मंडळातील भूजलशास्त्रज्ञ पदासाठी संघ लोकसेवा आयोग जी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेतो, तिला पदव्युत्तर पदवी लागते. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हा दुसरा मोठा मार्ग आहे. तिथल्या प्रत्येक पदाची अट जाहिरात पाहूनच ठरवावी. केवळ बी.एस्सी.वर पाणलोटाच्या कामातील संस्थांत किंवा खासगी सल्लागारांकडे सुरुवात होते, आणि तिथले वेतन सुरुवातीला बेताचेच असते. तीन वर्षांत स्थिर नोकरी हवी असेल त्याने हा विषय घेऊ नये. उन्हात चालायची तयारी असलेल्या, आकडेमोडीला न घाबरणाऱ्या आणि पुढे एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मी तो मनापासून सुचवते.

महाविद्यालय निवडताना छापील अभ्यासक्रमावर जाऊ नये, कारण तो एका विद्यापीठात बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. विभागात जाऊन मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रवह्या मागाव्यात. त्यांत स्वतः घेतलेल्या उपसा चाचणीच्या मिनिटागणिक नोंदी, विहिरीच्या भिंतीचे हाताने काढलेले चित्र आणि पावसाळ्याआधीच्या व नंतरच्या पाणीपातळ्या असतील, तर तिथे निश्चिंतपणे प्रवेश घ्यावा. सगळ्या वह्यांत एकच आकृती आणि एकच आकडे उतरवलेले दिसले, तर दुसरे महाविद्यालय पाहावे, मग ते घरापासून लांब असले तरी.