मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र : एका वर्षाच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत आणि संध्याकाळच्या वाचनाला ओट्यावर जमणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिक जण साठीच्या पुढचे आहेत. जुन्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, बारीक छपाई मंद बल्बच्या उजेडात त्यांना दिसत नव्हती. त्यामुळे वाचन नेहमी मीच करायचो आणि बाकीचे ऐकायचे. गेल्या वर्षी नागपूरला गेलो असता 650 रुपये देऊन मोठ्या अक्षरांची मराठी आवृत्ती आणली आणि तेव्हापासून ती रोज वापरात आहे.

पहिला फरक आठवडाभरातच दिसला. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या आणि त्यानंतर पुस्तक हाती न धरलेल्या दोन आजी स्वतः अडखळत अडखळत वाचू लागल्या. अक्षर ठळक, ओळींमध्ये पुरेसे अंतर आणि वचनांचे आकडे स्पष्ट असल्यामुळे बोट ठेवून वाचताना ओळ चुकत नाही. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी या पुस्तकाला पैकीच्या पैकी गुण देईन.

बांधणी मात्र निराशाजनक आहे. पावणेदोन किलोचा ठोकळा रोज उघडला जाणार, हाताहातांतून फिरणार, याचा विचार बांधणाऱ्याने केलेला दिसत नाही. पावसाळा संपेपर्यंत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची पाने सुटून आली. शिवाय समासातील संदर्भ गाळले आहेत, आणि ही उणीव मला बांधणीपेक्षा अधिक जाणवली. एका वचनावरून दुसऱ्या वचनाकडे जाण्याची वाट त्यामुळे बंद होते. आमचे वृद्ध पाळक यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले, म्हणजे 1983 मध्ये ती पुण्यास हलण्यापूर्वी; त्यांच्या जुन्या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या इतक्या खुणा आहेत की अभ्यासाच्या दिवशी आम्ही तीच शेजारी ठेवतो.

शेवटच्या पानांवर वर्षभराच्या वाचनाचा तक्ता दिला आहे. 66 पुस्तकांत एकूण 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले, तर 52 आठवड्यांत ते पुरे होतात, हा हिशेब बरोबर आहे. पण तक्ता उत्पत्तीपासून सुरू होतो, आणि उत्पत्ती व निर्गम यांचे 90 अध्याय संपून जानेवारी सरता सरता विधि-नियमांनी भरलेले लेवीय समोर येते. नवख्या वाचकाचा उत्साह नेमका तेथेच मावळतो. त्यातच आमच्याकडे ते दिवस कापूस वेचणीचे आणि तूर कापणीचे असतात. म्हणून आम्ही तक्ता बाजूला ठेवून मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, आरंभ केला : सोळा अध्याय, सोळा संध्याकाळी. कवी नारायण वामन टिळक यांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा तेही मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीच खिळून राहिले होते. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आरंभ कोठून करावा, हे त्यावरूनही कळते.

भाषांतर जुन्या, संस्कृतप्रचुर वळणाचे आहे. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त' असे शब्द आले की थांबून अर्थ सांगावा लागतो. सोप्या मराठीत शास्त्र असावे यासाठी पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत भाषांतर करीत राहिल्या, त्याचे महत्त्व अशा वेळी पटते. तरीही एका ठिकाणी हीच जुनी भाषा आमच्या कामी आली. रूथच्या पुस्तकातील गरीब विधवा रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात 'सरवा' वेचते. शहरात शिकणाऱ्या मुलांना तो शब्द कळेना. आजींना मात्र तो सांगावा लागला नाही, कारण कापणीनंतर शेतात राहिलेले दाणे आणि शेंगा वेचून त्यांनी संसार चालवला होता. सायंकाळी झोडपून रूथजवळ एफाभर सातू झाले, म्हणजे सुमारे 22 लिटर, असा हिशेब निघाला तेव्हा एक आजी म्हणाली, "एका दिवसात एवढं नाही होत, त्यानं मुद्दामच पेंढ्यातून टाकलं असंन." मागचे वचन पुन्हा वाचले तर बवाजाने गड्यांना तसेच सांगितलेले होते, आणि आजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

त्याच आठवड्यात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा वाचली : शेताचे कोपरे झाडून कापू नयेत, सरवा गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. पूर्वी सरव्याला कोणी अडवीत नसे, आता कुंपणाला तार आली आणि कापणी होताच जनावरे आत सोडली जातात, असे आजींनी सांगितले. ओट्यावर बसणाऱ्या एका शेतकऱ्याने यावर काही भाष्य केले नाही. मात्र तूर निघाल्यावर त्याने चार दिवस शेतात जनावरे सोडली नाहीत आणि वस्तीतील बायांना तसा निरोप पाठवला. यंदा आणखी दोघांनी तेच केले, आणि त्यांपैकी एक जण आमच्या मंडळीचा नाही. हे श्रेय पुस्तकाच्या छपाईचे नव्हे, हे मला कळते. पण ते वचन त्या दिवशी मी नव्हे, आजीने वाचले होते.

रुग्णालयात आजाऱ्यांना भेटायला जाताना हे पुस्तक नेणे शक्य होत नाही. त्यासाठी नव्या कराराची खिशातील प्रतच बरी. नव्याने घेणाऱ्यांनी चेन असलेल्या कव्हराची प्रत टाळावी, कारण आमची चेन दोन महिन्यांत बिघडली आणि तिचे दात पानांच्या कडा फाडू लागले. साधी प्रत घ्यावी आणि पाने सुटण्याची वाट न पाहता एखाद्या चांगल्या बुकबाइंडरकडून शिवून, कापडी पाठ लावून घ्यावी. आम्ही ते उशिरा केले, आणि उत्पत्तीचे तिसरे पान अजून चिकटपट्टीवरच टिकून आहे.